एमएस आणि डी थ्री: साठ हजारांची गोळी नेमकी कशी घ्यायची

मल्टिपल स्क्लेरोसिसचं (एमएस: शरीराचीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) निदान झालं की फाइलमध्ये एमआरआय, पाठीतल्या पाण्याची तपासणी आणि त्यांच्या मागे व्हिटॅमिन डीचा एक रिपोर्ट हमखास लागलेला असतो. आकडा बहुतेकांचा कमीच येतो: ९, १२, १७. डॉक्टर ‘डी थ्री सिक्स्टी के’, म्हणजे व्हिटॅमिन डी थ्रीची साठ हजार युनिटची गोळी, लिहून देतात. भेटीचा बाकी वेळ इंजेक्शन घ्यायचं की गोळी, आणि खर्चाचं काय, यातच जातो. घरी आल्यावर मात्र प्रश्न सुरू होतात. रोज की आठवड्याला? किती दिवस? दुधातून की पाण्यातून? त्यात कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं असतं की मोठ्या डोसमध्ये डी थ्री घेतलं तर एमएस मुळापासून बरा होतो.

तो मेसेज बाजूला ठेवा. उरलेल्या प्रश्नांची उत्तरं खाली आहेत. डोस ठरवणं मात्र तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचंच काम आहे. हा लेख वाचून निदान काय विचारायचं ते कळेल, आणि केमिस्टच्या काउंटरवर गोंधळ होणार नाही.

अपेक्षा किती ठेवायची

डी आणि एमएस यांचा संबंध खरा आहे. अमेरिकी सैन्यातल्या जवानांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्या गोऱ्या जवानांच्या रक्तात डी जास्त होतं, त्यांना पुढे एमएस होण्याचं प्रमाण कमी दिसलं. पुढे जनुकांवर आधारलेल्या अभ्यासांनीही हाच कल दाखवला.

पण आजार होण्याचा धोका कमी असणं वेगळं आणि झालेला आजार डी देऊन आवरणं वेगळं. २०२३ साली आलेल्या ‘विडॅम्स’ चाचणीत ग्लॅटिरॅमर हे एमएसचं इंजेक्शन घेणाऱ्या रुग्णांना रोज ५,००० किंवा ६०० युनिट डी दिलं. ९६ आठवड्यांनंतर रिलॅप्समध्ये, म्हणजे आजाराचे झटके पुन्हा येण्यात, फरक पडला नव्हता. फ्रान्समधल्या ‘डी-ले एमएस’ चाचणीचे निष्कर्ष २०२५ साली आले, ते जरा आशादायक आहेत. पहिला झटका नुकताच आलेल्या आणि अजून एमएसचं औषध सुरू न केलेल्या ३१६ जणांपैकी निम्म्यांना दर पंधरा दिवसांनी १ लाख युनिट दिलं. दोन वर्षांत आजाराची हालचाल (नवा झटका किंवा एमआरआयवर नवे डाग) दिसलेल्यांचं प्रमाण त्या गटात ६०.३ टक्के होतं, तर नुसता बिनऔषधी डोस घेणाऱ्यांत ७४.१ टक्के. हा फरक मुख्यतः एमआरआयवर दिसला. रिलॅप्समधला फरक ठाम म्हणावा इतका नव्हता.

आणि हेही बघा की डी घेऊनही शंभरातल्या साठ जणांचा आजार हललाच. म्हणून आमचं मत सरळ आहे. कमतरता असेल तर ती भरून काढा आणि पातळी चांगली राखा. पण इंटरफेरॉन, डायमिथाइल फ्युमरेट, फिंगोलिमॉड, रिटुक्सिमॅब, जे काही मुख्य औषध चालू असेल ते डीच्या भरवशावर सोडू नका. डी घेण्याचं दुसरं कारण हाडं आहेत, आणि एमएसमध्ये ते पहिल्या कारणापेक्षा भक्कम आहे. चालणं कमी होतं, तोल जातो, रिलॅप्सला मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचे डोस होतात, आणि या सगळ्याचा भार हाडांवर येतो.

पायरी १: योग्य चाचणी, योग्य वेळी

लॅबमध्ये ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ हीच चाचणी सांगा. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही वेगळी आणि महाग चाचणी आहे. शरीरातला साठा तिच्यातून कळत नाही. साठा आटलेला असतानाही ती नॉर्मल येऊ शकते.

रिपोर्टवर आकड्याच्या आधी एकक बघा. पुण्यातल्या बहुतेक लॅब नॅनोग्रॅम प्रति मिली वापरतात. परदेशी लेखांत बऱ्याचदा नॅनोमोल प्रति लिटर असतं. नॅनोग्रॅमला अडीचने गुणलं की नॅनोमोल मिळतात. ‘एमएसवाल्यांनी १०० ठेवावं’ असं कुठे वाचलंत आणि ते नॅनोमोलमध्ये असलं, तर तुमच्या रिपोर्टवर ते ४० होतं. हे ध्यानात न घेता नॅनोग्रॅममध्ये १०० गाठायला निघालेली माणसं बरीच असतात.

नॅनोग्रॅममध्ये २० च्या खाली म्हणजे कमतरता, २० ते ३० अपुरं, ३० च्या वर ठीक. एमएसमध्ये अनेक न्यूरॉलॉजिस्ट ४० ते ६० च्या पट्ट्यात ठेवायला सांगतात. १०० च्या पुढे गेलं तर डॉक्टरांना फोन करा. १५० च्या पुढे विषबाधेचा धोका धरतात.

उपाशीपोटी जायची गरज नाही. पण त्याच सुईत कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि शक्य असेल तर कॅल्शियमवर ताबा ठेवणारं पॅराथायरॉइड हॉर्मोन हेही करून घ्या. मोठा डोस सुरू करण्याआधीचं कॅल्शियम माहीत नसेल, तर नंतर वाढलेला आकडा डीमुळे वाढला की आधीपासूनच तसा होता हे सांगता येत नाही.

आता सहसा कुणी विचारत नाही ती गोष्ट: बायोटिन. केसांसाठीच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम असतं. एमएससाठी मध्यंतरी दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंतचे डोस गाजले होते, आणि काही जण अजूनही ते घेतात. अनेक लॅबमधली यंत्रं बायोटिनवरच चालणारी रसायनं वापरतात, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असलं की डीचा आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. पॅराथायरॉइडचा खोटा कमी येतो आणि थायरॉइडचेही आकडे बिघडतात. केसांच्या गोळ्या असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. मोठा डोस चालू असेल तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा आणि लॅबलाही सांगा.

पायरी २: आधी सांगायच्या गोष्टी

मुतखडा होऊन गेला असेल, किडनीचा त्रास असेल, पॅराथायरॉइड वाढलेलं असेल, तर साठ हजारांचा डोस स्वतःहून सुरू करू नका. क्षयरोग आणि सार्कॉइडोसिस (फुप्फुसांसारख्या अवयवांत सुजेच्या गाठी होणारा आजार) यांतही तेच. या आजारांत सुजलेल्या पेशी स्वतःच डीचं सक्रिय रूप तयार करतात आणि कॅल्शियम अचानक चढतं. सार्कॉइडोसिस कधी कधी एमएससारखाच दिसतो, त्यामुळे निदान अजून पक्कं झालेलं नसेल तर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा.

चालू औषधंही सांगा. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांत, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोनमध्ये, कॅल्शियम लघवीवाटे कमी जातं आणि रक्तात वाढतं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर वाढलेलं कॅल्शियम धोक्याचं. उलट कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, रिफॅम्पिसिन ही औषधं शरीरातलं डी भराभर संपवतात. एमएसमध्ये चेहऱ्याच्या शिरेच्या कळांसाठी कार्बामाझेपिन बऱ्याच जणांना चालू असतं. ‘सगळे डोस घेतले तरी डी वाढत नाही’ अशी तक्रार असेल तर ही यादी आधी तपासा.

पायरी ३: मात्रेचा हिशोब

४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. ६०,००० युनिटची एक गोळी म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. आठवड्याला एक घेतली तर रोजचे साधारण ८,५७० युनिट पडतात, महिन्याला एक घेतली तर रोजचे २,०००. निरोगी प्रौढासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) रोजची शिफारस ६०० युनिट आहे आणि देखरेखीशिवाय घ्यायची कमाल मर्यादा ४,०००. आठवड्याचा साठ हजारांचा डोस या मर्यादेच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणूनच तो ठरावीक मुदतीपुरता असतो.

आपल्याकडची नेहमीची पद्धत अशी: आकडा २० च्या खाली असेल तर आठवड्याला ६०,००० असे ८ आठवडे, मग महिन्याला ६०,००० किंवा रोज १,००० ते २,०००. वजन बरंच जास्त असेल तर डी चरबीत अडकतं आणि दुप्पट-तिप्पट मात्रा लागू शकते, पण ती डॉक्टरांनी वाढवायची. ढोबळ अंदाज हवा असेल तर रोजच्या १,००० युनिटमागे आकडा तीन महिन्यांत ७ ते १० ने वर जातो. सुरुवात जितकी खालून, तितकी चढ जास्त.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. चार किंवा आठ गोळ्यांची पट्टी हातात पडते, चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ हे इंग्रजी आद्याक्षरांत खरडलेलं असतं, बाकी सगळ्या औषधांपुढे १-०-१ असतं, आणि घरचे हीसुद्धा रोज सकाळी देऊ लागतात. दोन महिने असं चाललं तर ४ लाख ८० हजारांऐवजी ३६ लाख युनिट पोटात जातात. केमिस्टकडून पट्टीवरच मार्करने वार लिहून घ्या. घरी कालनिर्णयवर त्या वाराला आठ चौकटींत ‘डी’ लिहा, गोळी घेतली की खूण करा. एमएसमध्ये विसरभोळेपणा हे लक्षणही असतं, तेव्हा ‘लक्षात राहील’ यावर विसंबू नका. ठरलेला वार चुकला तर पुढच्या दिवशी घ्या. दोन एकदम घेऊ नका.

दुसरी चूक बेरजेची. न्यूरॉलॉजिस्टचं डी थ्री वेगळं, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची गोळी वेगळी, आणि घरात कुणीतरी आणून ठेवलेलं मल्टिव्हिटॅमिन वेगळं. कॅल्शियमच्या गोळीत २५० ते ५०० युनिट डी थ्री असतं, ते चालून जातं. पण काही गोळ्यांत डी थ्रीच्या जागी ‘कॅल्सिट्रायॉल ०.२५ मायक्रोग्रॅम’ असतं. हे सक्रिय रूप आहे. ते कॅल्शियम लवकर चढवतं आणि २५-हायड्रॉक्सीच्या रिपोर्टात दिसतही नाही. साठ हजारांसोबत ते चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. ‘अल्फाकॅल्सिडॉल’ लिहिलेलं असेल तरी तेच.

तिसरी गोष्ट इंजेक्शनची. ३ लाख किंवा ६ लाख युनिटचं एकच इंजेक्शन कमरेत घेतलं की काम झालं, असं वाटतं. तेलातलं हे औषध स्नायूतून सावकाश आणि बेभरवशाने उतरतं, आणि जास्त झालं तर परत काढता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सत्तरीच्या पुढच्या महिलांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट तोंडावाटे दिले, तर पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. आधीच तोल जाणाऱ्या माणसाला असा एकदम मोठा डोस आम्ही तरी सुचवणार नाही. आतड्यांचा विकार असून गोळ्या लागूच पडत नसतील, तर गोष्ट वेगळी.

पायरी ४: घ्यायची कशी

डी चरबीत विरघळतं. कोऱ्या चहाबरोबर सकाळी सहाला घेण्यापेक्षा दुपारच्या जेवणानंतर घ्या. पोळीवर तूप, भाजीतलं तेल, मूठभर दाणे, एवढं पुरतं. सॅशेची पूड कोमट दुधात ढवळून प्या. सायीसकट दूध उत्तम. उकळत्या दुधात टाकू नका. तुमच्या वाराला उपास आला तरी अडत नाही: साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट आणि तूप भरपूर असतं. निर्जळी असेल तर मात्र डोस दुसऱ्या दिवशी.

शाकाहारी घरांत विचारलं जातं म्हणून सांगतो. मऊ कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. सॅशे आणि पिण्याच्या छोट्या बाटल्यांना ते कवच नसतं. आतलं डी थ्री मात्र साधारणपणे मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात. तेही नको असेल तर दगडफुलाच्या जातीच्या लायकेनपासून केलेलं डी थ्री मिळतं. डी टू प्राणिजन्य नसतं, ते यीस्टसारख्या बुरशीपासून करतात, पण ते पातळी तितकी टिकवून धरत नाही.

पट्टी मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. कॅप्सूल एकमेकींना चिकटतात आणि गळतात. गळलेली कॅप्सूल टाकून द्या.

जास्त झालं तर एमएससारखंच दिसतं

डी वाजवीपेक्षा वाढलं की कॅल्शियम चढतं. त्याची लक्षणं बघा: थकवा, स्नायूंत अशक्तपणा, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं, खूप तहान. शेवटची तहान आणि मळमळ सोडली तर बाकी सगळं एमएसच्या रुग्णाला ओळखीचं असतं. त्यामुळे घरचे म्हणतात ‘रिलॅप्स आला’, आणि खरं कारण मागे राहतं.

साठ हजारांचा डोस चालू असताना असं काही झालं, तर लघवीच्या इन्फेक्शनची तपासणी (एमएसची लक्षणं बळावली की ती बहुधा करतातच) करताना सीरम कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही त्याच दिवशी करून घ्या. कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावं. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर जितकं कमी, त्याच्या ०.८ पट कॅल्शियमच्या आकड्यात मिळवा. म्हणजे कॅल्शियम १०.२ आणि अल्ब्युमिन ३ असेल, तर खरा आकडा ११. तो वाढलेला आहे. डी आणि कॅल्शियम लगेच बंद करा आणि डॉक्टरांना गाठा. उलट्या होत असतील, माणूस गुंगीत असेल, तर थेट इमर्जन्सीत. डी चरबीत साठतं, त्यामुळे गोळ्या बंद केल्यावरही कॅल्शियम काही आठवडे चढं राहू शकतं.

इथेच त्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचा विषय येतो. ब्राझीलमधून निघालेल्या कोइंब्रा प्रोटोकॉलमध्ये किलोमागे रोज १,००० युनिटपर्यंत डोस जातो, म्हणजे साठ किलोच्या माणसाला रोज साठ हजार. त्यासाठी दूधदुभतं बंद आणि दिवसाला अडीच लिटर पाणी सांगतात, कारण किडनी धोक्यात येते हे त्यांनाही माहीत आहे. नियंत्रित चाचणीत याचा फायदा सिद्ध झालेला नाही. या वाटेला जाऊ नका. आणि थकवा गेला नाही म्हणून आपणहून मात्रा वाढवू नका. एमएसचा थकवा झोप, उष्णता, नैराश्य, औषधं अशा दहा कारणांनी येतो.

पुण्यातलं ऊन

पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, वर्षभर ऊन आहे, तरी कमतरता आहेच. दिवसभर हिंजवडी-खराडीतल्या काचेच्या इमारतींत, येताना-जाताना स्कार्फ आणि सनकोट, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग. डी तयार करणारे किरण काचेतून येत नाहीत, त्यामुळे खिडकीत बसून उपयोग नाही. सकाळी सातच्या कोवळ्या उन्हाचा मोठा बोलबाला आहे, पण तेव्हा हे किरण नगण्य असतात. सोपी खूण म्हणजे तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड हवी. पुण्यात सूर्य साडेबाराच्या सुमारास सर्वांत वर असतो, त्याच्या आगेमागे दीड-दोन तास.

अडचण अशी की एमएसमध्ये उष्णतेने लक्षणं तात्पुरती बळावतात. नजर धूसर होते, पाय जड होतात. याला उथॉफ परिणाम म्हणतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे असताना बाराच्या उन्हात गच्चीवर बसणं म्हणजे चक्कर येऊन पडण्याची तयारी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा: हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं, जवळ गार पाणी, आणि उठताना आधाराला कठडा. उन्हाळ्यात गोळीवरच भागवा. त्यात कमीपणा काही नाही.

आहारातून डी फारसं मिळत नाही. अंड्याच्या एका बलकात सुमारे ४० युनिट. पिशवीवर निळी ‘+एफ’ खूण असलेल्या दुधात लिटरमागे २०० ते ३००, म्हणजे पेल्याला पन्नासेक. कॅल्शियम मात्र ताटातूनच घ्या. दिवसाला १,००० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिळतं, पेलाभर दुधात सव्वादोनशेच्या आसपास. दही, तिळाची चटणी, राजगिरा यांनी उरलेलं बरंचसं भरून निघतं. मग कॅल्शियमची वेगळी गोळी खरंच लागते का, ते विचारा.

पायरी ५: पुन्हा तपासणी

डोस सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी २५-हायड्रॉक्सी आणि कॅल्शियम पुन्हा करा, जमल्यास त्याच लॅबमध्ये. वेगवेगळ्या पद्धतींत आकडा हलतो. महिन्याभरात केलेली तपासणी फुकट जाते, कारण पातळी स्थिरावायला तीनेक महिने लागतात. आठवड्याचा डोस चालू असेल तर पुढची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्या. नंतर वर्षातून एकदा पुरे, शक्यतो पावसाळा संपताना.

तीन महिन्यांनीही आकडा हलला नसेल तर आधी गोळ्या खरंच घेतल्या गेल्या का ते कॅलेंडरवर बघा. मग कार्बामाझेपिनसारखी औषधं, वजन, जुनाट जुलाब किंवा सीलिअ‍ॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्यांना होणारा आजार) यांचा विचार डॉक्टर करतील. स्टिरॉइडचे डोस वारंवार झाले असतील, किंवा काठीशिवाय चालता येत नसेल, तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणीही मागून घ्या. गरोदर असाल किंवा तसं ठरवत असाल, तर साठ हजारांचा डोस सुरू ठेवायचा की रोजच्या लहान डोसवर यायचं, हे न्यूरॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना विचारून ठरवा.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे, तिथे जुन्या रुग्णांशी बोलता येतं. फाइलच्या पहिल्या पानावर मात्र चार ओळी तुम्हीच लिहून ठेवा: डीचा शेवटचा आकडा आणि तारीख, सध्याचा डोस आणि वार, शेवटचं कॅल्शियम, आणि कॅल्शियमच्या गोळीत कुठलं डी आहे. नव्या डॉक्टरांपुढे पट्टी शोधत बसावं लागणार नाही.